तुम्ही विचारलंत म्हणून: ती ‘कोमट’ बिअर मला का आवडते

पुण्याहून कुणी शेफिल्डला आमच्याकडे राहायला आलं, की एक-दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. भाचरं थेट विचारतात, “मावशी, ही गरम बिअर तू पितेस तरी कशी?” नवऱ्याचे मित्र जरा आडून येतात, “वहिनी, इथे चिल्ड लागर नाही का मिळत?” आता तर फोनवरही विचारतात: बिअरच्या या दोन जातींत एल चांगली की लागर, एकदाचं सांगून टाक. तर सांगते.

मी एल पिते. त्यातही पिंपातली, हातपंपाने ओढलेली, जिला इंग्लंडमध्ये रिअल एल म्हणतात ती. आणि त्यातही बिटर, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली कडवट एल. लागरशी माझं वाकडं नाही. चांगल्या लागरसाठी मी मुद्दाम चेक देशातल्या प्रागला आणि पिल्झेनला गेले आहे, पुन्हाही जाईन. पण नेहमीची पसंती विचाराल तर एल. कारण लागर ब्रुअरीतून पूर्ण तयार होऊन निघते, आणि रिअल एल अर्धी तयार होऊन निघते. तिचं उरलेलं काम पबच्या तळघरात कुणाच्या तरी हातून व्हायचं असतं. त्या हाताची चव मला ग्लासात लागते, आणि तीच मला हवी असते.

आधी ‘गरम’चं बघू. गरम ती नसतेच. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश ठेवतात आणि बिअर त्याच गारव्यात ग्लासात येते. बाटलीवर दव जमलेल्या बिअरची सवय असेल तर हे कोमट वाटणार, मान्य. पण फ्रिजमधून काढल्या काढल्या कापलेल्या हापूसला वास येतो का? तोच जरा वेळ बाहेर राहू द्या, घरभर दरवळतो. बिअरचंही तसंच आहे. ३-४ अंशांवर जीभ बधिर होते, वास वर येतच नाहीत. कळतो तो गारवा आणि नाकात जाणारा गॅस. मे महिन्यात उन्हातून आल्यावर तेवढंच हवं असतं, पुण्यात असले की मलाही तेच हवं असतं. पण जिच्यात संत्र्याच्या सालीचा, बिस्किटाचा, ताज्या गवताचा वास आहे ती बिअर इतकी गार करून प्यायची, म्हणजे पैसे मोजून वास मारून टाकायचा.

एल आणि लागर या दोघींमधला मूळ फरक यीस्टचा. रंगाचा नाही, किती चढते याचाही नाही. काळी लागर असते. प्रागच्या ‘उ फ्लेकू’मध्ये बसलात तर तीच समोर येते. उलट पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, पाठोपाठ बाकीचे ब्रू-पब आले, आणि लोकांना गव्हाची बिअर आवडायला लागली. ती बिअर एलच्याच जातीच्या यीस्टने आंबवतात. ‘आपल्याला एल नाही चालत’ म्हणणारे कितीतरी पुणेकर कित्येक वर्षं एलच्या घरातलीच बिअर पीत आहेत.

एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांना जोरात काम करतं, थोड्या दिवसांत उरकतं, आणि त्या जोरात फळांसारखे वास सोडून जातं. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांच्या थंडीत सावकाश चालतं. पुढे ती बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे नुसती ठेवायची. तिथे ती नितळ आणि नेटकी होते. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि कार्ल्सबर्गने ते दडवून न ठेवता इतर ब्रुअरींना दिलं. लागर जगभर भरवशाची झाली त्यामागे हे मोठं काम आहे. मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

आता तळघरात चला. आमच्या जवळच्या पबची मालकीण मला खाली येऊ देते, म्हणून हे सगळं अगदी हाताच्या अंतरावरून पाहता आलं. पिंप येतं ते बहुधा ९ गॅलनचं, फर्किन. त्यात ७२ पाइंट, पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास. हल्ली ते स्टीलचं किंवा प्लास्टिकचं असतं. टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथसारखे अजून लाकडी पिंपं वापरणारे मोजकेच. आत यीस्ट जिवंत असतं, थोडी साखर शिल्लक असते, आणि आंबणं चालूच असतं. पिंप घोडीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी मारतात, कारण नंतर ते हलता कामा नये. मग वरच्या बुचात एक मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची. ठोकल्याबरोबर फुस्स करून गॅस सुटतो आणि खुंटीच्या डोक्यावर फेस जमायला लागतो. ती बाई तो फडक्याने पुसते आणि बघत उभी राहते. पुन्हा फेस आला की पुन्हा पुसते. तो किती वेळात परत येतो, यावरून आतल्या बिअरचा अंदाज घेते. जोर ओसरला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची घालायची, म्हणजे उरलेला गॅस आत टिकतो. ही वेळ चुकली तर बिअर एकतर मिळमिळीत होते नाहीतर उसळत राहते. कुठल्याही पिंपावर ही वेळ छापलेली नसते.

गाळ तळाला बसायलाही वेळ द्यावा लागतो. त्यासाठी पिंपात घालतात ते इझिंग्लास, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. आपले कोळी घोळ माशाची हीच पिशवी सुकवून विकतात, भोत म्हणतात तिला. मोठी किंमत येते. इझिंग्लास यीस्टला धरून खाली नेतं आणि वरची बिअर काचेसारखी स्वच्छ होते. घरी शाकाहारी पाहुणे आले की मी हे आधीच सांगते, कारण ग्लास संपल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही. अलीकडे काही ब्रुअर इझिंग्लास घालतच नाहीत. ती बिअर जरा धुरकट दिसते, चवीला अगदी व्यवस्थित असते, आणि तसं पंपावर लिहिलेलं असतं.

पिंपाला तोटी लागली की घड्याळ सुरू. बिअर उपसली जाते तशी तिची जागा हवा घेते. पहिल्या दिवशी चव थोडी अंगावर येते, दुसऱ्या दिवशी गोलाई येते, तिसऱ्या दिवसानंतर उतरती कळा लागते आणि शेवटी आंबूसपणा येतो. मला सगळ्यात आवडतो तो दुसरा दिवस.

यॉर्कशरच्या कीथलीमधली टिमथी टेलर ही ब्रुअरी १८५८ पासूनची. तिची ४.३ टक्क्यांची ‘लँडलॉर्ड’ ही माझी सगळ्यात आवडती बिटर. सुरुवातीला मार्मालेडसारखा वास, मग भाजक्या पावाची गोडी, आणि घोट गेल्यावर घशाशी रेंगाळणारा स्वच्छ कडवटपणा. ही बिअर पिंपात फार उसळते, म्हणून तिला तळघरात जास्त दिवस द्यावे लागतात. ज्या पबवाल्याला धीर नाही त्याच्याकडे ती करकरीत, अर्धवट लागते. ज्याने तिला आठवडाभर शांत पडू दिलं त्याच्याकडची प्यायलात, तर ही तीच बिअर यावर विश्वास बसत नाही. लागरच्या बाबतीत हा अनुभव मला फारसा येत नाही. नळ स्वच्छ असले की लंडनमधली आणि लीड्समधली जवळपास सारखीच लागते. काहींना तोच मोठा गुण वाटतो. मला मात्र माणसागणिक बदलणारी चव हवी असते.

इथे एक जुना वादही सांगायला हवा, कारण त्यात मी एका बाजूची आहे. उत्तरेत पंपाच्या तोंडाशी बारीक भोकांची छोटी तोटी लावतात, स्पार्कलर. बिअर तिच्यातून जोराने घुसळून येते, ग्लासात दुधाळ लाटा खाली उतरतात आणि वर सायीसारखा घट्ट फेस राहतो. दक्षिणेत हे चालत नाही. तिथले म्हणतात, फेसात सगळा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास निघून जातो. ससेक्समधल्या लुइसची हार्वीज बिटर मीही स्पार्कलरशिवायच पिते, तिला तो शोभत नाही. पण यॉर्कशरची बिटर स्पार्कलरशिवाय दिली तर मला ती उघडी-बोडकी वाटते. प्रत्येक घोटागणिक ग्लासाला फेसाची एकेक कडी चिकटून राहिली पाहिजे.

हे सगळं सत्तरच्या दशकात जवळजवळ गेलंच होतं. मोठ्या ब्रुअरींना गाळलेली, पाश्चराइज केलेली, गॅसच्या दाबाने ढकलायची केग बिअर सोयीची होती. तळघरात कुणी कसबी माणूस लागत नाही, बिअर आठवडेच्या आठवडे टिकते. १९७१ साली सुट्टीवर आयर्लंडला गेलेल्या चार इंग्लिश तरुणांनी याविरुद्ध एक संघटना काढायचं ठरवलं. तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ झाली. गिऱ्हाइकांनी एका पेयासाठी इतका हट्ट धरला आणि तो निभावला, याचं मला कौतुक आहे. त्यांच्यातल्या काहींनी लागरला सरसकट नावं ठेवली, ते मात्र मला पटत नाही.

कारण पिल्झेन. १८४२ च्या ऑक्टोबरमध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथे पहिली सोनेरी लागर बनवली. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झाटेत्स गावचे हॉप्स, आणि तिथलं अतिशय मऊ पाणी. त्या ब्रुअरीच्या तळघरात आजही ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर चाखायला देतात. लोण्यासारखी गोडी, पाठोपाठ ठाम कडवटपणा, आणि ओला, जाड फेस. लागर म्हणजे बेचव पाणी असं ज्याला वाटतं त्याने ती प्यावी. उलट लागरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. एलमधली फळांची चव चार चुका पोटात घालते. माझी तक्रार आहे ती आठवडे वाचवून, हॉप्स वाचवून केलेल्या आणि गारव्याच्या आधाराने खपवलेल्या लागरबद्दल.

जेवणाबरोबर काय, हेही विचारता. करण बिलिमोरियांनी १९८९ साली कोब्रा काढली ती याच प्रश्नातून: लागरमधला गॅस जेवणात आड येतो आणि एल जड पडते, तेव्हा दोन्हींच्या मधलं काही हवं. पहिल्या भागाशी मी सहमत आहे. दुसऱ्याशी नाही. कांदाभजी आणि तळलेले सुके बोंबील बिटरबरोबर इतके छान लागतात, की मी दुसरं काही शोधायला जात नाही. मिसळ किंवा तांबडा रस्सा असेल तर मात्र बिटर नको, आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली एल, तर नकोच. हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी चेव आणतो. तिथे काळसर, गोडसर, साडेतीन टक्क्यांची माइल्ड घ्या.

आयपीएचं नाव निघालंच आहे तर बेकवेलजवळच्या थॉर्नब्रिजची ‘जयपूर’ सांगते. २००५ पासून करतात, ५.९ टक्के. नाव वाचून आमचे पाहुणे हटकून तीच मागतात. उत्तम बिअर आहे, पण लिंबू-संत्र्याच्या वासाआड ताकद कळत नाही. पाहुण्यांना मी आधी अर्धा पाइंट देते. मला स्वतःला बसून बोलायचं असतं, त्यामुळे साडेचार टक्क्यांच्या पुढे मी क्वचितच जाते. बिटर त्यासाठीच घडलेली आहे: दुसरा ग्लास पहिल्याइतकाच चांगला लागतो आणि डोकं ठिकाणावर राहतं.

आणि तुम्ही इथे आलात तर पबमध्ये शिरल्यावर आधी पंप मोजा आणि मग माणसं मोजा. गर्दी असेल आणि पंप तीन-चार असतील, तर पिंपं वेळेत संपतात. बिनधास्त एल मागा, हवं तर आधी घोटभर चाखायला मागा, देतात. एल आंबलेली निघाली तर ग्लास परत करा, चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून मिळतो. पण मंगळवारची दुपार आहे, पब रिकामा आहे आणि आठ-दहा पंप रांगेने उभे आहेत, असं दिसलं तर त्यातली निम्मी पिंपं कधीची उघडी असतील कोण जाणे. तिथे मीसुद्धा लागरच मागते.