आमची वाटचाल : तंतू आणि रेझिन यांच्या मधल्या जागेत

काचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, बसवले की कंपोझिट तयार होतं. आम्ही तंतू बनवत नाही आणि रेझिनही बनवत नाही. आमचं सगळं काम या दोघांच्या मधल्या जागेत चालतं. जाडी पाहिली तर ही जागा मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पण तिचं क्षेत्रफळ काढलं की चित्र पालटतं. एक लिटर कार्बन कंपोझिट घ्या, त्यातला ६० टक्के भाग ७ मायक्रॉन व्यासाच्या तंतूंचा धरा. तंतू आणि रेझिन जिथे एकमेकांना भेटतात ते पृष्ठ त्या एका लिटरमध्ये सुमारे ३४० चौरस मीटर भरतं. नवा ग्राहक आला की मी हा हिशोब आधी मांडते. कारण भागावर येणारा भार रेझिनमधून तंतूत शिरतो तो याच पृष्ठावरून. तिथला सांधा कच्चा असेल तर महागातला तंतू नुसता आत पडून राहतो.

सुरुवात काचेच्या कापडापासून झाली. कापड विणताना ताण्याच्या धाग्यांना स्टार्च आणि तेलाची खळ दिलेली असते. मागावर तिचा उपयोग मोठा, पण रेझिन भरायची वेळ आली की तीच खळ आड येते. म्हणून कापड भट्टीत साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सियसला कित्येक तास ठेवून खळ जाळून काढतात आणि उघड्या पडलेल्या काचेला सायलेनचा, म्हणजे काच आणि रेझिन जोडणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचा, हात देतात. आमच्याकडे पहिल्यांदा आलं ते हेच जॉबवर्क : खळ जाळा, सायलेन द्या, वाळवा, गुंडाळी परत करा. वरवर साधं काम. पण भट्टीतून निघालेलं कापड फार नाजूक असतं. त्याची ताकद बरीच उतरलेली असते, रोलरवर जरा जास्त घासलं तरी तंतू तुटतात, आणि हवेतला ओलावा लगेच काचेवर बसतो. त्यामुळे भट्टी ते टाकी हे अंतर कमी करणं हा आमचा पहिला अभियांत्रिकी निर्णय ठरला.

सायलेनच्या रेणूची दोन टोकं दोन वेगळी कामं करतात. एका टोकाला सिलिकॉनवर अल्कॉक्सी गट असतात. पाण्यात त्यांचे सिलॅनॉल होतात, ते काचेवरच्या हायड्रॉक्सिल गटांना आधी हलकेच धरतात, आणि वाळवताना पाणी निघून गेलं की सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन असा पक्का बंध तयार होतो. दुसरं टोक रेझिन पाहून निवडायचं. इपॉक्सीला अमिनो किंवा ग्लायसिडॉक्सी, पॉलिएस्टर आणि व्हिनिल एस्टरला मेथाक्रिलॉक्सी. ही निवड चुकली तर बाकी सगळं नीट करूनही उपयोग नसतो. एक ग्राहक तक्रार घेऊन आले होते की त्यांच्या लॅमिनेटचे, म्हणजे रेझिनने जोडलेल्या कापडाच्या थरांचे, पदर सुटतात. कापड दुसऱ्या पुरवठादाराचं होतं, त्यावरचं फिनिश (सायलेनचा थर) इपॉक्सीसाठीचं आणि भाग ओतले जात होते पॉलिएस्टरमध्ये. रेझिन घट्ट होताना ज्या गटाने त्यात सामील व्हायचं तो गट सायलेनवर नव्हताच. फिनिश बदललं आणि पदर सुटायचे थांबले. तेव्हापासून रेझिन आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) दोन्हींची नावं कळल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही.

टाकीतलं द्रावण हा आमच्याकडे सगळ्यांत जास्त जपलेला विषय आहे. ग्लायसिडॉक्सी किंवा मेथाक्रिलॉक्सी सायलेन असेल तर पाण्याचा सामू अॅसेटिक आम्लाने ४ ते ५ च्या आसपास आणायचा, सायलेन हळूहळू सोडायचं, ढवळत राहायचं. आधी थर तरंगतो, मग पाणी नितळ होतं. अमिनो सायलेनला आम्लाची गरज नसते, ते स्वतःच पाणी अल्कधर्मी करतं. पण नितळ झालेलं द्रावण कायम तसं राहत नाही. सिलॅनॉल एकमेकांनाच जोडले जाऊ लागतात आणि दुधाळ झाक येते. अशा द्रावणातून गेलेल्या कापडावर वजन चढतं, बंध मात्र होत नाही. द्रावण पाळीगणिक ताजं करायचं आणि झाक दिसली की टाकीभर असलं तरी ओतून द्यायचं, हा नियम आमच्या ऑपरेटरांनी घालून दिला. त्यांची नजर कुठल्याही मापकापेक्षा आधी सांगते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. सायलेनचं प्रमाणही बेताचंच ठेवतो, अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरात. जाड थर दिला तर वरचे रेणू काचेला धरलेले नसतातच, पाण्याने धुऊन निघतात.

सायलेनची खरी किंमत ओल्या चाचणीत कळते. कोरड्या लॅमिनेटवर बिनसायलेनचं कापडही बरे आकडे देतं. तोच तुकडा उकळत्या पाण्यात ठेवून बाहेर काढला की फरक समोर येतो. पाणी सांध्यापाशी पोहोचतं, काचेला रेझिनपेक्षा पाणी जास्त जवळचं वाटतं, आणि जिथे रासायनिक बंध नाही तिथे रेझिन मागे हटतं. १९४० च्या दशकात काच आणि पॉलिएस्टरचे भाग वापरात आले तेव्हा ओलाव्यात ताकद घसरण्याची हीच अडचण उभी राहिली होती, आणि सायलेनचा शोध तिथूनच पुढे गेला. आखूड तुळईची कातर चाचणी, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर जाडीच्या चौपट ठेवून तुकडा वाकवणं, आम्ही कोरडी आणि उकळलेली अशी जोडीनेच करतो. नुसता कोरडा आकडा आमच्या अहवालात नसतो. काही ग्राहकांना सुरुवातीला हे अडवणुकीसारखं वाटलं, पण यात मी तडजोड केली नाही.

कार्बन तंतू आला तेव्हा जवळजवळ सगळं नव्याने शिकावं लागलं. काचेसारखे हायड्रॉक्सिल गट इथे नाहीत. पृष्ठावर ग्रॅफाइटचे पापुद्रे बरेचसे तंतूच्या लांबीला समांतर पहुडलेले, रसायनाला दाद न देणारे. तंतू वीज वाहून नेतो, म्हणून त्यालाच धनाग्र करायचं आणि अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणातून ओढत न्यायचं, ही उद्योगातली रूढ पद्धत आहे. पृष्ठावर हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे ऑक्सिजनचे गट उमटतात. हे मीठ उष्णतेने वायू होऊन निघून जातं, मागे क्षार उरत नाही. १९८३ मध्ये लॉरेन्स ड्रझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या प्रक्रियेत दोन गोष्टी घडतात : तंतूवरचा बाहेरचा कमकुवत पापुद्रा निघतो आणि त्याखालच्या घट्ट पृष्ठावर नवे गट येतात. मला यातली पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रेझिन कितीही घट्ट चिकटलं तरी ते सैल पापुद्र्याला चिकटलं असेल तर तुटणार तो पापुद्राच. उलट विद्युतभार जास्त झाला की पृष्ठावर खड्डे पडतात आणि तंतूची स्वतःची ताकद जाते. म्हणून प्रक्रिया केलेल्या प्रत्येक टोमधून, म्हणजे हजारो तंतूंच्या जुडीतून, सुटे तंतू काढून ते ओढून पाहणं आम्ही कधी चुकवत नाही.

त्यानंतर सायझिंग, म्हणजे तंतूवर चढवलेला पातळ लेप. वजनाच्या अर्धा ते दीड टक्का एवढाच थर, पण टोची हाताळणी, तंतूंचं पसरणं, रेझिन आत शिरणं सगळं त्यावर अवलंबून. बाजारातला बहुतेक कार्बन तंतू इपॉक्सीला साजेशा सायझिंगसह येतो. तोच तंतू पीकसारख्या (PEEK) थर्मोप्लास्टिकमध्ये, म्हणजे तापवल्यावर वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये, वापरायचा म्हटला तर साच्याचं तापमान ४०० अंशांच्या आसपास जातं, तिथे इपॉक्सीचं सायझिंग जळून त्याचा वायू होतो आणि सांध्यात पोकळ्या राहतात. जुनं सायझिंग काढून पॉलिइथरइमाइडसारखं उष्णता सोसणारं सायझिंग चढवणं हे आज आमच्या कामाचं मोठं अंग आहे.

सांधा किती पक्का झाला ते मोजण्यासाठी एकाच तंतूवर रेझिनचा सूक्ष्म थेंब घट्ट करायचा आणि दोन पात्यांच्या मधून तंतू ओढून थेंब सरकवायचा. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही मायक्रोबाँड पद्धत दिसते सोपी, पण सूक्ष्मदर्शकाखाली बसणाऱ्याचा संयम पाहते. आकडे खूप विखुरलेले येतात, त्यामुळे मोजक्या थेंबांवरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय थेंब इतका लहान असतो की काही हार्डनर तापवताना त्यातून उडून जातात आणि थेंबातलं रेझिन भागातल्या रेझिनपेक्षा वेगळंच होतं. हे तपासल्याशिवाय दोन रेझिनांची तुलना करू नये, असं मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

या मोजणीचा उपयोग कुठे होतो, तर आखूड तंतूंच्या भागात. १९६५ मध्ये केली आणि टायसन यांनी मांडलेलं सूत्र : तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले सांध्याच्या कातर ताकदीची दुप्पट. येणारं उत्तर म्हणजे तंतूची किमान लांबी. याहून आखूड तंतू पूर्ण ताकदीपर्यंत ताणलाच जात नाही, आधीच उपसून येतो. २००० मेगापास्कलची, १४ मायक्रॉनची काच घ्या. सांधा ५ मेगापास्कलचा असेल तर लांबी २.८ मिलिमीटर लागते, २० चा असेल तर ०.७ मिलिमीटर पुरते. इंजेक्शन मोल्डिंगच्या स्क्रूमधून निघाल्यावर तंतू मिलिमीटरच्या आतच उरतात. पॉलिप्रॉपिलीन काचेला स्वतःहून धरत नाही, म्हणून त्यात मलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळतात आणि काचेवर अमिनो सायलेन ठेवतात. हा हिशोब कागदावर करून दाखवला की ग्राहक जास्त काच घालायचा आग्रह सोडतात.

इथपर्यंत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण एकच मागणी करायचा : अजून घट्ट करा. माझं मत बदललं ते आघात सोसणाऱ्या भागांच्या कामामुळे. सांधा फार पक्का असला की रेझिनमधली भेग तंतूपाशी वळत नाही, सरळ आरपार जाते. आणि भाग काचेच्या ताटासारखा फुटतो. सांधा बेताचा असेल तर तंतू सुटतात, उपसले जातात, आणि त्या प्रत्येक सुटण्यात ऊर्जा खर्ची पडते. गोळी अडवणाऱ्या पॅनेलमध्ये तर पदर सुटावेत अशीच रचना करतात. विमानाच्या पंखाच्या तुळईला हे चालणार नाही. तेव्हापासून आमच्या चौकशीच्या कागदावर पहिला प्रश्न असतो, हा भाग कसा तुटलेला तुम्हाला चालेल?

बहुकार्यी कंपोझिटने या प्रश्नात आणखी प्रश्न आणले. भाग भार उचलेल आणि शिवाय स्वतःची इजा कळवेल, बर्फ वितळवेल किंवा वीज साठवेल, अशी अपेक्षा असते. कार्बन तंतू तुटले की लॅमिनेटचा विद्युतरोध बदलतो, हे १९८९ मध्ये शुल्टे आणि बारोन यांनी मोजून दाखवलं होतं. पण दोन तंतूंच्या मध्ये नेहमीचं इपॉक्सी सायझिंग म्हणजे विजेला अडसर. सायझिंगमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे वीज वाहणाऱ्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळण्याचं काम आम्ही हाती घेतलं ते या अडसरामुळे. त्यात नॅनोट्यूबच्या गुठळ्या होऊ न देणं ही अर्धी लढाई. उरलेली अर्धी रेझिन भरताना : प्रवाह सायझिंगला ओढून नेतो आणि नॅनोट्यूब भागाच्या एका टोकाला जाऊन साचतात. म्हणून आम्ही सायझिंग थोडं आधीच घट्ट करून ठेवतो, रेझिनमध्ये विरघळेल पण लगेच नाही, इतपत. तंतूवरच नॅनोट्यूब वाढवण्याचा मार्गही आहे, पण त्याला सुमारे ७०० अंशांची भट्टी आणि लोहाचा उत्प्रेरक लागतो आणि लोह कार्बन तंतूला खातं. त्या मानाने झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म तारा कमी तापमानात पाण्यातूनच वाढवता येतात. २००९ च्या एका अभ्यासात त्यामुळे सांध्याची कातर ताकद ११३ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे.

सध्या माझं सगळ्यात जास्त लक्ष वीज साठवणाऱ्या कंपोझिटकडे आहे. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठाबरोबर केलेल्या अशा बॅटरीची ऊर्जाघनता किलोला २४ वॅट-तास आणि कडकपणा २५ गिगापास्कल होता, २०२४ मध्ये त्यांनीच ३० वॅट-तास आणि ७० गिगापास्कल गाठले. तिथे कार्बन तंतू ऋणाग्र असतो. लिथियम आत शिरला की तंतू फुगतो, लांबीपेक्षा जाडीत जास्त, आणि निघाला की आकसतो. सांध्याने प्रत्येक चार्जला हे सोसायचं, आयनांना वाट द्यायची आणि भारही न्यायचा. नेहमीचं सायझिंग आयनांची वाट बुजवतं, आणि बिनसायझिंगचा टो हाताळताना पिंजून जातो. आम्ही प्रयोग करतोय तो ओढताना तंतू जपेल आणि इलेक्ट्रोलाइट भरल्यावर त्यात विरून जाईल अशा अगदी पातळ थरावर. सुटे टो नीट निघत आहेत. विणलेल्या कापडात ताणा-बाण्याच्या वळणांवर थर अजून असमान बसतो, तिथे काम चालू आहे.

नमुने पाठवणाऱ्यांना विनंती : तंतू मूळ वेष्टनातच, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून बंद करून पाठवा आणि त्यावरचं सायझिंग कोणतं ते लिहा. रेझिन, हार्डनर, क्युअरचं (रेझिन घट्ट करण्याचं) तापमान, भाग ओल्यात राहणार की कोरड्यात, आणि भार उचलण्याखेरीज त्याने काय करायचं आहे, तेही कळवा. टोला उघड्या हातांनी स्पर्श करू नका, बोटांचं तेल आमच्या चाचणीत दिसतं.