तुम्ही विचारलंत म्हणून: काट्याला इतकी नावं कशाला?

"सर, काटा तं काटाच असते, मंग त्याले इतके नावं कायले?" गावात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे पोरंही विचारतात अन् त्यांचे बापही.

आपल्याच वावरात पाहा. संत्र्याच्या झाडाला कलमाच्या डोळ्याखालून जंबेरीचा (ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्याचा) फुटवा येतो, त्याचा काटा बाजूला रेटून बघा. सहज निघत नाही. ओढलाच तर आतले धागे घेऊन येतो. पानाच्या बगलेत, फांदी फुटायची तिथेच तो उगवतो, कारण तो मुळात फांदीच आहे. हा थॉर्न. गुलाबाचा काटा मात्र अंगठ्याने रेटला की टचकन निघतो. तो नुसता सालीचा उंचवटा, आत रसवाहिन्या नाहीत. हा प्रिकल, काटेसावरीच्या कोवळ्या बुंध्यावरचे काटे याच जातीचे. बाभळीचे पांढरे जोडकाटे पुन्हा वेगळे: देठाशी असणारी उपपर्णं काट्यात बदललेली, म्हणून स्पाइन. बोरीचेही उपपर्णांचेच, पण जोडीतला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकडा. बोरीत अडकलेला शर्ट फाटतो तो या आकड्यामुळे.

पण नावांची खरी गरज काट्यापेक्षा लवेला, म्हणजे पानावरच्या बारीक केसांना पडते, आणि इथे मला शब्द फार मोलाचे वाटतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावरची लव तुडतुड्यांना आवरते. तुडतुडा पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो, शिरांत अंडी घालतो. मग पानाच्या कडा पिवळ्या, पुढे लाल होऊन पान कोकडतं. शिरांवर लांब, दाट केस असले तर त्याला नीट टेकता येत नाही. नुसतं "पान लवदार आहे" म्हणून भागत नाही. केस ताठ उभे असतील तर हिस्पिड, एकाच दिशेला चिकटून पडलेले असतील तर स्ट्रायगोज, मऊ अन् आखूड असतील तर प्युबेसंट. एक सावधगिरी: जास्त लव पांढऱ्या माशीला मानवते, तेव्हा लव म्हणजे सरसकट फायदा नाही.

त्याच पऱ्हाटीचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली अंगभर काटेरी दिसतात. त्याला एकिनेट म्हणतात. आणि बोंडातला कापूस? तोही केसच. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन तो धागा होतो.

कुसळी गवताचं बी तर चालतं. त्याच्या कुसळाला, म्हणजे शेपटीसारख्या लांब केसाला, पीळ असतो. दमट हवेत तो उलगडतो, कोरड्यात परत बसतो, आणि बीच्या टोकावरचे मागे वळलेले केस त्याला मागे सरू देत नाहीत. म्हणून ते मेंढीच्या लोकरीत आत आत शिरतं.

वावरात जाताना दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. पऱ्हाटीचं पान उलटं करा, मधल्या शिरेवर भिंग धरा, आणि केस उभे आहेत की पडलेले, दाट आहेत की विरळ, एवढं मला येऊन सांगा.