चिरेखाणीतली कसोटी

कोकण ही शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधण्याची जागाच नव्हे, असे आमच्या भागातली पुष्कळ हुशार मुले धरून चालतात आणि ही आवड मनात घेऊन पुण्या-मुंबईला निघून जातात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. गो-कार्टला लागणारी गुळगुळीत डांबरी धावपट्टी हवी असेल तर घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, हे खरे. परंतु दगडधोंड्यांतून आणि चढउतारांवरून पळणारी ऑफ-रोड गाडी पारखायची असेल, तर रत्नागिरी ते राजापूर या पट्ट्यातील जांभ्यासारखी कठोर परीक्षक जमीन मला ठाऊक नाही.

या दोन गाड्या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात जन्मली. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी नळ्यांचा साधा सांगाडा करून त्याला एक लहान टू-स्ट्रोक इंजिन बसवले. कार्टला आजही सस्पेन्शन, म्हणजे हादरे झेलणारी स्प्रिंगांची रचना, नसते आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असल्यामुळे ती सारख्याच गतीने फिरतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला तर अधिक अंतर कापायचे असते. यावरचा उपाय फार सुंदर आहे. पुढची चाके अशा कलाने बसवलेली असतात की स्टिअरिंग वळवताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, किंचित पिळली जाते आणि आतल्या बाजूचे मागचे चाक जमिनीवरून उचलले जाऊन गाडी मोकळेपणाने वळते. म्हणजे चासीचे लवणे हा कार्टचा गुणच आहे. ऑफ-रोड गाडीत नेमका तोच दोष ठरतो. तिथे नळ्यांचा पिंजरा ताठ राहिला पाहिजे आणि सगळे हादरे सस्पेन्शनने सोसले पाहिजेत, कारण उलटलेल्या गाडीत चालकाचा जीव त्या पिंजऱ्यावर अवलंबून असतो. म्हणूनच ऑफ-रोड गाडीत चालकाला पट्ट्यांनी आसनाशी घट्ट बांधतात, तर शर्यतीच्या कार्टमध्ये पिंजरा नसल्यामुळे पट्टाही नसतो.

अभियांत्रिकीच्या मुलांना ही विद्या शिकवणारी सर्वांत मोठी शाळा म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची बाहा स्पर्धा. ती अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली आणि आपल्याकडे २००७ साली आली. इंदूरजवळच्या पिथमपूरने ती देशभर ओळखीची केली. अनेक वर्षे प्रत्येक संघाला तेच १० अश्वशक्तीचे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन घ्यावे लागे आणि त्यात फेरफार करण्याची मुभा नसे. ताकद सर्वांची सारखी असल्यामुळे गाडीचे वजन, गिअरचे गुणोत्तर आणि चार तासांच्या अखेरच्या शर्यतीत टिकणारे जोड यांवरच निकाल लागतो. हा नियम मला अतिशय न्याय्य वाटतो, कारण त्यात पैशापेक्षा हातातल्या कामाला किंमत आहे.

हे हातातले काम आमच्या किनाऱ्यावर आहे. मिरकरवाड्यासारख्या बंदरात ट्रॉलरची विंच आणि जाळी ओढण्याच्या चौकटी जोडणारे वेल्डर खाऱ्या हवेत लोखंड कसे टिकवायचे, हे रोजच्या कामातून शिकलेले असतात. पिंजऱ्याची नळी बाहेरून रंगवली तरी आतून गंजते, म्हणून प्रत्येक उघडे टोक बंद करावे लागते आणि पाणी साचेल असा कोपरा मुळात ठेवायचाच नसतो. त्याहून नाजूक गोष्ट वेल्डिंग रॉडची आहे. पावसाळ्यात रॉडवरचे आवरण हवेतला ओलावा शोषून घेते. असा रॉड वापरला की वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो, बारीक छिद्रे राहतात, आणि कधी कधी जोड वरून निर्दोष दिसत असतानाही काही तासांनी आतून तडकतो. लो-हायड्रोजन रॉड भट्टीत गरम ठेवूनच वापरले पाहिजेत. ज्या मुलांनी आषाढात पिंजरा जोडला आहे, त्यांना ही शिस्त पुन्हा सांगावी लागत नाही.

आता गाडी पळवायची कुठे, हा प्रश्न. समुद्रकिनारा मोहात पाडतो, पण तिथे गाडी नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. खारे पाणी बेअरिंग आणि साखळी खाते, हे कारण दुय्यम आहे. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती सुमारे दीड ते दोन महिने वाळूखाली असतात. वरून चाक गेले तर कोणालाही कळणार नाही. मोकळे सडे, म्हणजे कातळाची पठारे, हीही तितकीच वर्ज्य मानावीत. कशेळी, उक्षी, बारसू येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, आणि अशी अनेक चित्रे अजून माती-गवताच्या पातळ थराखाली झाकलेली असू शकतात.

उरते ती जुनी चिरेखाण, आणि तीच सर्वांत योग्य जागा आहे. तिथला कातळ आधीच कापून नेलेला असतो. चिरे काढताना राहिलेल्या पायऱ्या सस्पेन्शनची खरी परीक्षा घेतात, जांभ्याचा खरखरीत पृष्ठभाग टायर झिजवतो, तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये आणि साखळीत जाऊन बसते, आणि तळाशी साचलेल्या पाण्याने सीव्हीटीचा, म्हणजे गिअरचे गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचा, रबरी पट्टा भिजला की तो घसरू लागतो व झाकण कुठे अपुरे आहे हे लगेच समजते. अर्थात खाणमालकाची परवानगी आधी घ्यावी. उभ्या कडांपासून भरपूर अंतर राखून मार्ग आखावा, खोल पाण्याचे खड्डे वगळावेत, हेल्मेट आणि अग्निशामक नळकांडे यांशिवाय इंजिन सुरूच करू नये, आणि फिरत्या अ‍ॅक्सलजवळ मोकळे केस किंवा ओढणी कधीही येऊ देऊ नये.

पावसानंतर लगेच खाणीत उतरण्याची घाई करू नये, कारण शेवाळलेल्या कातळावर ब्रेक लागत नाहीत. दिवाळीनंतर शेवाळ वाळते आणि तळात थोडे पाणी मात्र शिल्लक असते. तेव्हापासून शिमग्यापर्यंतचा काळ चाचणीला उत्तम. शिमग्याला बाहेरगावी शिकणारी मुलेही घरी येतात. ज्यांना पिंजऱ्याचे जोड तपासून हवे असतील त्यांनी गाडी चाचणीला रंग न लावता आणावी, कारण रंगाखालचा तडा डोळ्यांना दिसत नाही.