ट्यूनरचा हिरवा दिवा आणि भूपाचा गंधार

हल्ली गाणं शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा आईच्या फोनमध्ये, तीन ॲप्स असतात. तानपुरा, तबला आणि ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणारं ॲप. पहिल्या दोन्हींचं मला मनापासून कौतुक आहे. तिसऱ्याची मात्र काळजी वाटते, आणि क्लासमधले पालक सारखं विचारतात की ताई हे वापरू द्यायचं का, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी तानपुऱ्याबद्दल. मिरजेचा तानपुरा म्हणजे काय चीज असते हे ज्याने मांडीशी घेऊन छेडलाय त्याला सांगायला नको. पंढरपूरकडचा भोपळा, कारागिराच्या हातची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण), २०२४ मध्ये तर मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो घ्यायला पैसे लागतात, ठेवायला जागा लागते, दमट हवेत तारा उतरतात आणि मुख्य म्हणजे तो लावता यावा लागतो, जे सात-आठ वर्षांच्या मुलाला जमत नाही, त्याच्या आईबाबांनाही नाही. त्यामुळे घरोघरी रियाज व्हायचा तो पेटीवर, नाहीतर नुसताच. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी, जे स्वतः बासरी वाजवणारे इंजिनीअर, १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला आणि तिथून चित्र बदललं, मग तबल्याचं यंत्र आलं, आता सगळं फोनमध्ये आलंय. काळी चार म्हटलं की काळी चार, झपताल म्हटलं की झपताल, लय पाहिजे तेवढी. तबलजी घरी बोलावून रोज ठेका धरायला सांगणं कितीजणांना परवडलं असतं? आज वन बीएचकेमध्ये राहणारी मुलगी पहाटे हेडफोन लावून तासभर तानपुऱ्यावर खर्ज, म्हणजे खालचा सा, लावते, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता ट्यूनर. मूल सूर लावतं, स्क्रीनवर काटा हलतो, मधोमध आला की हिरवा दिवा. सा ला ठीक, प ला ठीक. भूप रागाचा गंधार, म्हणजे ग, लावायची वेळ आली की गडबड सुरू होते.

हे जरा आकड्यांत सांगते, कारण त्याशिवाय पटत नाही. समजा सा २४० हर्ट्झवर (सेकंदाला २४० कंपनांवर) आहे. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार येतो ३०० वर, सा च्या सव्वापट. पण ट्यूनरमध्ये (आणि पेटीतही) सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात, त्या हिशोबाने गंधार येतो साधारण ३०२.४ वर. म्हणजे जे मूल तानपुरा कान देऊन ऐकतंय आणि त्यात आपला आवाज मिसळतंय, त्याला ट्यूनर सांगतो की तू उतरलास. मग ते मूल सूर थोडा चढवतं, दिवा हिरवा होतो, मूल खूश, आणि गंधार कणसूर, म्हणजे किंचित बेसूर.

ऐकायचं असेल तर ऐकून बघा. नीट लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हिरव्या दिव्यावाला गंधार त्याच्यावर धरला तर दोन्ही सूर एकमेकांना घासतात, आवाजात सेकंदाला चार-पाच वेळा एक थरथर येते. मग गळा अगदी हळू, केसभर खाली आणा. थरथर मंद होत होत थांबते आणि गंधार तानपुऱ्यात विरघळतो. हे ज्या मुलाला एकदा ऐकू आलं ना, त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. क्लासमध्ये ही थरथर थांबली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

कोणी म्हणेल की काही ॲप्समध्ये आपल्या स्वरांप्रमाणे सेटिंग करता येतं. येतं, आणि करावंही, भूपाच्या गंधाराचा प्रश्न त्याने सुटेल. पण भैरव रागाचा रिषभ (रे)? दरबारीचा गंधार? ते आंदोलित स्वर आहेत, एका जागी उभेच राहत नाहीत, काटा हलणारच. आणि भूप नि देसकार दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, भूपात गंधारावर वजन, देसकारात धैवतावर, चाल वेगळी, स्वभाव वेगळा. ट्यूनरला दोन्हीकडे पाचच्या पाच बरोबर दिसणार. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली होती आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली, त्यामागे एक मोठा आक्षेप हाच होता की पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही नि श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) नाहीत. मी स्वतः पेटीच्या विरोधात नाही, पण पेटी निदान मुलाला मार्क तरी देत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे तंत्रज्ञान मुलाला जास्त ऐकायला लावतं ते घ्या, आणि जे त्याच्या वतीने ऐकतं ते लांब ठेवा, निदान पहिली काही वर्षं तरी.

ऐकायला लावणाऱ्या गोष्टी खूप आहेत हो. पूर्वी रेकॉर्ड किंवा टेप हळू फिरवली की सूर पण खाली यायचा, आता यूट्यूबवर ०.५ वर टाकलं तरी पट्टी तीच राहते, त्यामुळे एखादी गुंतागुंतीची तान दाणा दाणा वेगळा करून ऐकता येते. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि नेदरलँड्सचे विम व्हॅन डर मीर यांनी केलेलं ‘म्युझिक इन मोशन’ नावाचं काम नेटवर आहे, त्यात गाणं सुरू असताना गायकाचा स्वर कसा वर-खाली वाहतोय त्याची रेघ समोर सरकत जाते. मींड म्हणजे दोन स्वरांमधली सरळ उडी नव्हे हे मोठ्या मुलांना त्यातून पटकन कळतं. फक्त आधी ऐकायचं, मग बघायचं. आणि सगळ्यात साधं म्हणजे स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकणं. त्याच दिवशी नको, गाण्याच्या नादात सगळं छानच वाटतं.

ऑनलाइन क्लासवाल्यांसाठी दोन गोष्टी. आवाज जाऊन यायला वेळ लागतो, तो सहज २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्राच २५० मिलिसेकंदांची. म्हणजे एकत्र गाणं जमणारच नाही, त्यासाठी मुलाला ओरडू नका. गुरूने म्हणायचं, थांबायचं, मग शिष्याने म्हणायचं, आणि ठेका शिष्याच्या घरी वाजवायचा. दुसरं म्हणजे झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं, लांब धरलेला सूर पण खातं. सेटिंगमध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे, ते दोन्हीकडे चालू करा.

आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर तानपुरा लावू नका प्लीज, त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. साधा ब्लूटूथ स्पीकर पुरतो, जरा मोठ्या आकाराचा, मुलाच्या मागे किंवा बाजूला ठेवायचा, आवाज इतकाच की त्याला स्वतःचा गळा पण ऐकू येईल.