गुडघे, गंधक आणि गणेशपुरी
आईचे गुडघे हे निमित्त. काल तिला घेऊन अकलोलीला गेलो. तानसा नदीच्या काठची ती गरम पाण्याची कुंडं लहानपणी पाहिलेली, तेव्हा फक्त गंधकाचा वास लक्षात राहिला होता. आईने आधी बोट बुडवलं, "आई गं!" म्हणाली आणि मग तासभर हललीच नाही.

मी तोवर आजूबाजूला पाहत बसलो. इथलं सगळं या पाण्याभोवतीच वाढलंय. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, तेव्हापासून यात्रेकरूंचा राबता. शेजारच्या गणेशपुरीत तर जंगलच होतं. १९३६च्या सुमारास नित्यानंद बाबा कुंडांपाशी येऊन राहिले, मागोमाग भक्त, धर्मशाळा, दुकानं. १९६१ मध्ये बाबांनी देह ठेवला, वस्ती मात्र वाढतच गेली. आता रस्ताभर लॉज आणि रिसॉर्टच्या पाट्या.

देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, अशी इथली कथा. आईला सांगितली तर म्हणाली, "असू दे, दुखणं थांबलंय ना."

परतताना मात्र देवळाच्या पायऱ्या बघून गाडीतूनच हात जोडले तिने.