डेम्प्स्टर हायवे: एका स्टेपनीच्या भरवशावर ईगल प्लेन्सच्या पुढे जाऊ नका

"रस्ता मस्त आहे, साधी कारसुद्धा आरामात जाते," असं कॅनडातल्या डॉसन सिटीत जो तो सांगत होता. कोरड्या हवेत जातही असेल. वाटेतला ईगल प्लेन्सचा थांबा सोडल्यावर पाऊस लागला की हे साफ खोटं ठरतं.

युकॉन प्रांतातल्या डॉसनजवळून उत्तरेच्या इनुविक गावापर्यंतचा हा सुमारे 740 किमीचा रस्ता जवळजवळ सगळा खडीचा आहे. खालची जमीन बारमाही गोठलेली. तिच्यातला बर्फ वितळून रस्ता खचू नये म्हणून जाड भराव टाकून तो उचलून घेतलाय. त्यामुळे कडा भुसभुशीत असतात. समोरून ट्रक आला तर वेग कमी करा, पण अगदी कडेला जाऊ नका.

खरा त्रास आर्क्टिक वृत्ताच्या (किमी 405) आसपास. तिथले दगड चपटे आणि धारदार, ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) नुकताच फिरला असेल तर उभेच राहतात. आमच्या टायरची बाजू अशी चिरली की बोट आत जात होतं. तिथे पंक्चर किट कुचकामी. फोनला रेंज नाही, वारा सुसाट. पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, जॅक आणि हवेचा पंप हवाच, यात तडजोड नको.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ओला झाला की हा चिखल दिवे, नंबरप्लेट सगळं लिंपून टाकतो आणि वाळल्यावर दगड होतो. गाडी भाड्याने देताना "खडीवर चालेल" असं तोंडी सांगितलं होतं. परत केल्यावर मात्र काचेवरच्या टिचक्यांचे आणि धुलाईचेही पैसे उकळले. खडीच्या रस्त्याची परवानगी आणि टायर-काचेचा विमा लेखीच घ्या. गाडीचे खालूनसुद्धा फोटो काढा आणि परत देण्याआधी स्वतः धुवा.

डॉसनजवळच्या फाट्यापासून ईगल प्लेन्सपर्यंत 369 किमी पेट्रोल पंप नाही. तिथलं पेट्रोल महाग आहे, तरी टाकी फुल करा.

पील आणि मॅकेन्झी नद्या ओलांडायच्या फेरीबोटी फुकट आहेत, पण पाणी चढून ओंडके वाहू लागले की बंद होतात. ईगल प्लेन्समध्ये चौकशी केल्याशिवाय पुढे निघू नका. हाताशी जादा दिवस ठेवा.

वाटेतलं टूम्बस्टोन पार्क सुंदर आहे, सोपं आहे, त्यावर वेगळं काय लिहू! इनुविकच्या इग्लूच्या आकाराच्या चर्चला पाच मिनिटं पुष्कळ झाली. 2017 पासून पुढे आर्क्टिक समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टुक गावापर्यंत गाडी जाते. तिथला इब्युक पिंगो, म्हणजे पोटात बर्फ असलेली 49 मीटर उंच टेकडी, बघाच.

वेळ कमी असेल तर इनुविक सरळ गाळा. रिचर्डसन डोंगरांतल्या राइट पास खिंडीपर्यंत जाऊन परत फिरा. ऑगस्टअखेर त्या डोंगरांचे उतार लालभडक होतात. एवढं सगळं सोसूनही मी त्यासाठी उद्या पुन्हा निघेन, दोन स्टेपन्या घेऊन.