फोर काउंटीज रिंग: दिवसभर लॉक, संध्याकाळी फुटबॉल

२०२४ चा युरो कप जर्मनीत झाला. तेव्हा आम्ही दोघं इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे कालव्यासाठीची लांब, अरुंद बोट, घेऊन फिरत होतो. बाद फेरीचे सामने ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ५ किंवा रात्री ८ ला सुरू व्हायचे. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे आणि प्रत्यक्षात ३ च्या पुढे फारसं जाता येत नाही. उशीर झाला म्हणून वेग वाढवायची सोय इथे नाही. त्यामुळे सामन्याची वेळ आधी पक्की धरायची आणि तिथून मागे मोजत सकाळी दोर कधी सोडायचा ते ठरवायचं.

हिशेब साधा आहे. जायचे मैल आणि वाटेतली लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट चढवणारे-उतरवणारे गेटबंद कप्पे) यांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा, तेवढे तास लागतात. लॉक एकाला लागून एक असतील आणि दोघांचे हात बसले असतील तर ४ ने भागलं तरी चालतं. फोर काउंटीज रिंग हा कालव्यांचा गोल फेरा साधारण ११० मैलांचा, ९४ लॉकचा. म्हणजे २०४ भागिले ३, ६८ तास. भाड्याने बोट घेणारे बरेच जण हे आठवड्यात उरकतात. त्यासाठी रोज नऊ-दहा तास बोट हाकावी लागते आणि संध्याकाळी सामना बघायला डोळे उघडे राहत नाहीत. दोन आठवडे घ्या. रोज पाच-सहा तास चालवून मधे विश्रांतीचे दिवसही मिळतात.

आम्ही स्टोन गावातून उत्तरेकडे निघालो. ३० जूनला, रविवारी, इंग्लंड-स्लोवाकिया सामना तिथेच पाहिला. ज्यूड बेलिंगहॅमने भरपाई वेळेत ओव्हरहेड किक मारून बरोबरी साधली तो हाच सामना. ५ चा सामना जादा वेळेत गेला की संपेपर्यंत पावणेआठ होतात. म्हणून त्या दिवशीचं पाणी भरणं, कचरा टाकणं, टॉयलेटची कॅसेट रिकामी करणं हे सगळं सामन्याआधीच उरकायचं.

स्टोनची चार आणि मीफर्डची चार लॉक सरावाला उत्तम. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरची ही लॉक जेमतेम सात फूट रुंद आणि बोट ६ फूट १० इंच. आत शिरताना दोन्ही बाजूंना इंच-दोन इंच जागा उरते. म्हणून सुकाणूवरच्या माणसाने लॉकच्या बऱ्याच आधी बोट सरळ करून वेग उतरवायचा. दुसऱ्याने विंडलस घेऊन काठावर उतरायचं. विंडलस म्हणजे पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी घेणारी-सोडणारी झडप, वर-खाली करायचं काटकोनी हँडल. पॅडल वर घेतलं की दात्यांवर खटका बसला आहे हे डोळ्यांनी बघायचं, मगच हात सोडायचा. खटका नसताना हँडल सुटलं तर ते गरगर उलटं फिरतं, आणि मनगट किंवा जबडा मोडण्याइतकी ताकद त्यात असते. काम झालं की हँडल स्पिंडलवर ठेवायचं नाही, काढून हातात घ्यायचं.

खरा व्यायाम गेटचा. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येईपर्यंत गेट हलत नाही, कितीही जोर लावा. पाठी दुखावतात त्या या घाईत. पाणी समान झालं की गेटच्या लांब लाकडी तुळईला कंबर टेकवायची, जमिनीत बसवलेल्या उंच विटांच्या ओळीला टाच लावायची आणि मांड्यांनी मागे रेटायचं. हातांनी ढकलायचं नाही. गेट पहिल्यांदा बोटभर सरकतं, मग आपसूक चालू लागतं, तेव्हा जोर कमी करायचा. आम्ही दर पाच लॉकनंतर जागा बदलायचो, म्हणजे एकाच्याच खांद्यावर भार येत नाही. पुढचं लॉक जवळ असेल तर काठावरच्याने चालत पुढे जाऊन ते तयार ठेवायचं. दिवसातलं बरंचसं चालणं यातच होऊन जातं.

स्टोकमध्ये थांबायला हवंच. स्टोक सिटीचं स्टेडियम कालव्यापासून जवळ आहे आणि बाहेर फुटबॉलपटू सर स्टॅन्ली मॅथ्यूजचा तीन रूपांतला पुतळा आहे. जन्म १९१५ चा, इथल्याच हॅन्लीचा. १९५६ चा पहिला बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याचा. ६ फेब्रुवारी १९६५ ला, वयाची पन्नाशी उलटल्यावर, तो इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये (तेव्हाची सर्वोच्च श्रेणी) शेवटचा सामना खेळला. वडील हजामत करायचे आणि मुष्टियोद्धेही होते. पहाटेच्या व्यायामाची सवय त्यांनी लावली आणि ती त्याने जन्मभर सोडली नाही. एवढी मोठी कारकीर्द शिस्तीवर उभी राहिली, हे त्या पुतळ्याखाली उभं राहिल्यावर नव्याने पटतं. गॉर्डन बँक्सचाही पुतळा तिथे आहे. १९६६ च्या विश्वविजेत्या संघाचा हा गोलरक्षक पुढच्याच वर्षी स्टोकमध्ये आला. गावात ओटकेक खायला विसरू नका. नावात केक असला तरी ते ओटच्या पिठाचं घावनच आहे, आत चीज आणि मशरूम घालून गरम खायचं.

पुढे हेअरकासल बोगदा. अभियंता टेलफर्डचा हा बोगदा १८२७ ला खुला झाला. लांबी २,९२६ यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरला थोडी कमी, आणि पार व्हायला साधारण ४० मिनिटं. एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात, त्यामुळे टनेल कीपरच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. हेडलाइट, भोंगा आणि लाइफ जॅकेट लागतं. मध्ये छत खाली आलेलं आहे, तिथे सुकाणूवाल्याने वाकायचं. बाहेर आल्यावर पाणी विटकरी-नारिंगी दिसतं, ते लोहामुळे.

मग हार्टब्रेक हिल. किड्सग्रोव्हपासून मिडलविचपर्यंत साधारण १२ मैलांत ३१ लॉक. ४३ भागिले ३ म्हणजे चौदा तास. एका दिवसात करू नका. रोड हीथला मुक्काम करून दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. बरीच लॉक जोडीने बांधलेली आहेत, त्यामुळे ज्यातलं पाणी आपल्या बोटीच्या पातळीला आहे ते निवडता येतं आणि पाणीही वाचतं.

या दिशेने सगळी लॉक उतरतीची आहेत आणि उतरतीचा धोका म्हणजे सिल. वरच्या गेटखाली दगडी पायरी असते. लॉक भरलेलं असताना ती पाण्याखाली दिसत नाही, काठावरची पांढरी रेघ तेवढी तिची जागा दाखवते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या मागे राहिलं आणि पाणी उतरू लागलं की रडर पायरीवर टेकतं, पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं आणि पुढच्या बाजूने पाणी आत शिरतं. काही मिनिटांत बोट बुडते. म्हणून बोट पुढच्या गेटजवळ ठेवायची, सुकाणूवाल्याने नजर रेघेवर ठेवायची, आणि पॅडल आधी अर्धंच उघडायचं. बोट अडकली असं वाटलं तर क्षणाचाही विचार न करता खालची पॅडल्स बंद करा, मग वरची हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरा. पॅडलवरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा. इंजिनाच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, म्हणून हाताची खूण ठरवून ठेवा.

स्वित्झर्लंडविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी ६ जुलैला ५ वाजता होती, ती व्हीलॉकला पाहिली. १-१ नंतर पेनल्टीवर इंग्लंड ५-३ ने जिंकलं. पबमध्ये बघणार असाल तर आधी फोन करा. कालव्याकाठचे कित्येक पब मुद्दाम टीव्ही ठेवत नाहीत.

बोटीवर बघायचं तर १२ व्होल्टचा टीव्ही आणि दिशा फिरवता येणारा अँटेना पुरतो. सामने बीबीसी आणि आयटीव्हीवर मोफत होते. मोठ्या प्रक्षेपकांसाठी अँटेनाच्या काड्या आडव्या, छोट्या रिले केंद्रांसाठी बहुधा उभ्या लागतात. सिग्नल नाही म्हणून लोक नुसती दिशा बदलत बसतात, काड्या उभ्या-आडव्या करून बघत नाहीत. झाडीखाली आणि खोल खोदाईत थांबू नका. मोबाइलवर प्रक्षेपण मागे पडतं, शेजारच्या बोटीतला जल्लोष आधी ऐकू येतो. निघताना अँटेना खाली घ्या, पूल बुटके आहेत. बॅटरीचं गणितही बघा. रात्री ८ ते सकाळी ८ इतर बोटींजवळ इंजिन चालू ठेवायचं नसतं, आणि ८ चा सामना नेमका तेव्हाच सुरू होतो. टीव्ही फार वीज खात नाही, फ्रिज खातो. दुपारी चार-पाच तास बोट चालून इंजिनाने बॅटरी भरली असेल तर चिंता नाही.

मिडलविचहून श्रॉपशायर युनियनवर आलं की चढ सुरू. ऑडलेमची १५ लॉक ९३ फूट चढवतात. सकाळी ९ ला सुरुवात केली तर दुपारी एकपर्यंत वर पोचता येतं. इथे त्रास देतो तो बायवॉश, म्हणजे लॉकच्या बाजूने जादा पाणी सोडणारा पाट. लॉकच्या तोंडाशी तो आडवा येऊन बोटीचं नाक भिंतीवर ढकलतो. पाट ज्या बाजूने येतो तिकडे नाक थोडं धरायचं, वेग नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवायचा आणि नाक आत शिरताच बोट सरळ करून वेग उतरवायचा.

याच कालव्यावर काठाखाली पाण्यात एक कडा आहे, शेल्फ म्हणतात तिला. बोट काठाला लागत नाही आणि रात्रभर तळ त्यावर ठोकत राहतो. बोट आणि काठ यांच्यात छोटी फुगवलेली चाकं टाकली की ठोकणं थांबतं. बांधताना पुढचा आणि मागचा दोर वापरा, मधला नको. मधल्या दोराने बांधलेली बोट बाजूने कोणी गेलं की कलते.

१० जुलैला मार्केट ड्रेटनला पोचलो. बुधवार म्हणजे तिथला बाजाराचा दिवस. भाजी, जिंजरब्रेड घेऊन रात्री ८ ला नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्य सामना, अगदी शेवटी ऑली वॉटकिन्सचा गोल, इंग्लंड २-१ ने विजयी. पुढच्या सकाळी टर्लीची पाच लॉक आणि लगेच वुडसीव्ह्ज खोदाई. ती अरुंद आहे, कडेला खडक आहेत. समोरून बोट आली तर दोघांनीही इंजिन मंद ठेवून ओलांडायचं.

रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या ग्रीसरला एक पीळ द्यायचा. बोट अचानक मंदावली, धूर वाढला, तर पंख्यात काहीतरी गुंतलं आहे, बहुतेक प्लास्टिक किंवा दोर. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग वीड हॅच, म्हणजे पंख्यावरचं झाकण, उघडून हात घालायचा. नंतर झाकण घट्ट आवळून पुन्हा तपासायचं. सैल राहिलं तर पंखा इंजिनाच्या कप्प्यात पाणी उडवतो, आणि बोटी याने बुडालेल्या आहेत.

ऑथर्लीला वळून स्टॅफोर्डशायर अँड वूस्टरशायर कालव्याने पेंक्रिज गाठलं. अंतिम सामना १४ जुलैला, रविवारी, रात्री ८ ला बर्लिनमध्ये. कोल पामरने बरोबरी साधली आणि ८६ व्या मिनिटाला ओयारसाबालने स्पेनला २-१ ने जिंकून दिलं. पेंक्रिजहून स्टोनपर्यंतचा टप्पा एका दिवसात ओढू नका. ग्रेट हेवूडला एक मुक्काम ठेवा. बोट परत द्यायची वेळ बहुधा सकाळची असते, त्यामुळे शेवटची रात्र बोटयार्डापासून दोन तासांच्या आत काढा.